लॅबचं जुनं सॉफ्टवेअर बदलताय? मग या चुका टाळा

फॉक्सप्रो नाहीतर व्हीबी सिक्स (सॉफ्टवेअर बनवायची जुनी साधनं) मधलं सॉफ्टवेअर अजूनही बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतंय आणि खरं सांगायचं तर बरं चालतंय, टेक्निशियन माऊसला हात न लावता नुसतं एंटर-एंटर करत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) भरून मोकळा होतो. पण व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ लाच संपला, विंडोज ७ चा २०२० मध्ये, आणि फॉक्सप्रोचं एक टेबल २ जीबीच्या पुढे जातच नाही, म्हणजे आज ना उद्या बदलावं लागणारच. मग नव्या वेब सॉफ्टवेअरचा डेमो होतो, स्क्रीन छान दिसतात, रिपोर्ट थेट व्हॉट्सअॅपवर जातो, सगळे खूश. सॉफ्टवेअर बंद पडलं तर निदान कळतं हो, कोणीतरी ओरडतंच. एकही एरर न देता जो चुकीचा आकडा रिपोर्टवर छापला जातो, तो कोण पकडणार?

यात पहिला नंबर युनिटचा. प्लेटलेटचंच घ्या. आपल्याकडे डॉक्टर लाखात बोलतात, दीड लाख, ऐंशी हजार, आणि जुना रिपोर्टही १.५ असाच लाखात. तपासणीचं मशीन मात्र पाठवतं १५०, म्हणजे हजारात. मधे कुठेतरी १०० ने भागायची एक ओळ असते आणि ती लिहिणारा माणूस कधीच सोडून गेलेला असतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती राहिली की रिपोर्टवर येतं १५० लाख, हे एक वेळ कोणाच्याही डोळ्यात खुपेल, पण समजा नव्यात युनिट नीट हजारात लावलंय आणि जुना डेटा तसाच लाखात आणून टाकलाय, मग डेंग्यूच्या पेशंटचे कालचे ०.८ आणि आजचे ८०, प्लेटलेट आहेत तिथेच आणि ग्राफवर एका रात्रीत शंभरपट! डेल्टा चेक (मागच्या रिझल्टशी तुलना करून सावध करणारा) प्रत्येक जुन्या पेशंटला बोंब मारायला लागतो, टेक्निशियन वैतागून तोच बंद करून टाकतो, आणि मग उद्या सॅम्पलची खरी अदलाबदल झाली तरी कोणी सांगायला नाही. मला विचाराल तर युनिटच्या घोळापेक्षा हे बंद करणं जास्त धोक्याचं.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. प्रत्येक टेस्टसाठी मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा, जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, युनिट आणि दशांशासकट. सॅम्पल नुसते नॉर्मल नकोत, खूप कमी आणि खूप जास्तवालेही घ्या.

तशीच गत लपलेल्या फॉर्म्युल्यांची. फ्रीडवॉल्डच्या फॉर्म्युल्याने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) काढता ना, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर गेलं की तो लागू होत नाही. जुनं सॉफ्टवेअर तिथे गुपचूप जागा रिकामी सोडतं, नवं बिनधास्त आकडा छापतं. आयएनआरचं (रक्त गोठायच्या वेळेवरून काढलेला आकडा) त्याहून नाजूक, रीएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) लॉट बदलला की आयएसआय, म्हणजे त्या लॉटचा फॉर्म्युल्यात भरायचा आकडा, बदलतो, तो कुठे भरायचा हे जुन्यात एकाच सीनियर टेक्निशियन बाईंना माहीत असतं. त्या बाईंना डेमोला बोलवा, मालक आणि आयटीवाला दोघंच बसून सॉफ्टवेअर पसंत करू नका.

डेटा नेताना एक्सेल मधे घालू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक घालतातच. युरिनच्या रिपोर्टमधल्या पस सेल्स (पू-पेशी) २-४ असतात, एक्सेल त्याची सरळ तारीख करून टाकतं, आणि सेव्ह झाल्यावर मूळचं काय होतं ते परत मिळत नाही. <०.५ मधलं ते ‘पेक्षा कमी’चं चिन्ह, विडालचं (टायफॉइडची टेस्ट) १:८०, ‘ट्रेस’, ‘नील’ ही सगळी मंडळी आकड्याच्या फील्डमध्ये बसत नाहीत, रिझल्टचं फील्ड टेक्स्ट चालणारंच हवं. रेफरन्स रेंजही (नॉर्मल आकड्यांची हद्द) जुन्या रिपोर्टसोबत त्या दिवशी होती तीच न्यायची. नाहीतर आता आठ वर्षांच्या झालेल्या पोराचा जन्मानंतरचा रिपोर्ट उघडला की बिलिरुबिन मोठ्यांच्या रेंजने लाल दिसतं. मराठीतल्या रिमार्क जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोड करून घ्या.

पेशंट एकत्र करताना मोबाइल नंबरवर विसंबू नका. एकाच नंबरवर अख्खं घर असतं, वडलांची शुगर मुलीच्या नावावर जाते. ‘बेबी ऑफ सुनीता’ नावाची बाळं तर प्रत्येक मॅटर्निटीत ढिगाने. शंका आली तर दोन रेकॉर्ड वेगळीच राहू द्या, नंतर जोडता येतात, पण एकदा मिसळलेली वेगळी करायला घाम फुटतो.

मशीनमधून डेटाच येत नाही ही तक्रार पहिल्याच दिवशी येणार. सगळे आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात, तोवर एवढं बघून घ्या: यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटला लावला की कॉम पोर्टचा (मशीनचा डेटा पीसीत येतो ते दार) नंबर बदलतो, निम्म्या वेळा एवढंच असतं. मग बॉड रेट आणि पॅरिटी (डेटाचा वेग आणि चूक तपासायची सेटिंग) जुन्या पीसीवरून जुळवा. एएसटीएमवाल्या (मशीन आणि पीसीने बोलायची एक ठरलेली पद्धत) मशीनने ईएनक्यू, म्हणजे ‘पाठवू का?’ असा सिग्नल, पाठवल्यावर १५ सेकंदांत एसीके, म्हणजे ‘हो’ची पोच, गेला नाही तर ती गप्प बसते, त्यामुळे इंटरनेट स्लो असेल तर उत्तर द्यायचं काम लॅबमधल्याच पीसीवर ठेवा, क्लाउडवर नको. आणि डेटा येतोय पण पेशंटला लागत नाहीये? बारकोड बघा. ०००१२३ चं १२३ झालेलं असतं, पुढची शून्यं आकड्याच्या फील्डने खाल्ली.

नवं सुरू करायचा दिवस सोमवार सकाळचा नको, उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असते. दोन्ही सॉफ्टवेअर काही आठवडे जोडीने चालवा, नेट गेलं तर कागदावर काय लिहायचं तेही ठरवा. एनएबीएलवाल्यांना (लॅबला मान्यता देणारी संस्था) आयएसओ १५१८९:२०२२ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे नवी सिस्टिम तपासल्याची नोंद आणि बंद पडल्यावरचा प्लॅन दोन्ही लागतातच, तेव्हा ती शेजारी-शेजारी लावलेली तुलना फाइलला लावून ठेवा.

जुना पीसी मात्र भंगारात घालू नका, नेटवरून काढा आणि फक्त बघण्यापुरता ठेवा. त्याआधी जुने रिपोर्ट पीडीएफ करून घ्या, कारण त्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याशिवाय ते उघडतच नाही ती खोचायची किल्ली) बऱ्याचदा प्रिंटरच्या जुन्या पोर्टमध्ये खोचलेला असतो आणि ते पोर्ट नव्या मदरबोर्डवर सहसा मिळत नाही.