पहिल्या हिवाळ्यात इलेक्ट्रिक गाडी: प्लग काढण्याआधी ऊब भरून घ्या

पहिली कडाक्याची थंडी पडली की इलेक्ट्रिक गाडी नव्याने घेतलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: गाडी बिघडली का, रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर) एवढी कशी पडली? बिघडलेली नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि हीटर त्यावरच चालतो. इलेक्ट्रिक मोटर फारसं वाया घालवत नाही, त्यामुळे ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते. पारा शून्याच्या बराच खाली गेला की रेंज पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी धरूनच निघायचं.

म्हणून गाडी चार्जरला लावलेली असतानाच गरम करून घ्या. ॲपमध्ये निघायची वेळ टाकून ठेवा. केबिन तापते, काचांवरचा बर्फ सुटतो आणि हे सगळं बॅटरीच्या नव्हे, भिंतीतल्या विजेवर होतं. काही गाड्या यात बॅटरीही तापवतात, काही फक्त केबिन. आपली काय करते ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. चार्जिंगही निघण्याच्या सुमारास संपेल असं लावा, कारण चार्ज होताना बॅटरी आपोआप कोमट होते. साध्या सॉकेटमधून दोन-अडीच किलोवॅटच मिळतात आणि हीटर सुरुवातीला त्याहून जास्त ओढतो. तेव्हा प्लग असूनही एखाद-दोन टक्के उतरले तर घाबरू नका.

सगळ्यात जास्त वीज खातात त्या छोट्या छोट्या फेऱ्या. दर वेळी गारठलेली गाडी पहिल्यापासून तापवायची! शक्य तेवढी कामं एकाच फेरीत उरका. सीट आणि स्टिअरिंगचा हीटर आधी लावा. सीटला शंभरेक वॅट पुरतात, केबिनला काही हजार लागतात. पण काचेवर वाफ धरली तर काटकसर विसरा आणि एसीसकट हवा काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा काढतो, हिवाळ्यातसुद्धा.

गार बॅटरीत जोरात वीज भरली तर आत लिथियमचा धातू साचून तिचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग आवळते. फास्ट चार्जरकडे जाताना तो नेव्हिगेशनमध्ये टाका, म्हणजे बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी तापवायला लागतात. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर वीज तयार करून बॅटरीत परत भरते आणि त्यानेच गाडी मंदावते. गार बॅटरी ही वीजही फारशी घेत नाही, म्हणून सकाळी पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. पहिले काही किलोमीटर ब्रेकवर पाय तयार ठेवा, निसरड्यावर तर नक्कीच.

टायरची हवा थंडीत उतरते, दर 5-6 अंशांना साधारण एक पीएसआय. हिवाळी टायरना पर्याय नाही, गाडी कितीही आधुनिक असो. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकेल.

बर्फात अडकलात तर केबिन ऊबदार ठेवायला साधारण एक-दोन किलोवॅट लागतात. 60 युनिटची बॅटरी अर्धी भरलेली असेल तर रात्र निघते. तेवढ्यासाठी हिवाळ्यात गाडी वीस टक्क्यांखाली नेऊ नका आणि मागच्या सीटवर एक ब्लँकेट टाकून ठेवा.