दुःखाची कादंबरी लिहिताना: वस्तू, काळ आणि निवेदक

मृत्यूचा प्रसंग कुठे ठेवायचा, हे आधी ठरवा. पहिल्याच प्रकरणात तो आला, तर पुढची सगळी पानं मागे राहिलेल्या माणसाची होतात, आणि ती तशीच व्हायला हवीत.

मग एक वस्तू निवडा. एकच. समजा, पुण्याच्या नारायण पेठेतल्या घरात वारलेल्या वडिलांचा चष्मा. तो तीन-चारदा यावा आणि दर वेळी त्याचं काम बदलावं: आधी कोणी त्याला हात लावत नाही, मग मुलगी काचा पुसते, शेवटी त्याच फ्रेममध्ये आईच्या नंबरच्या काचा बसतात. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. लेखक खाली ‘ही त्यांची आठवण होती’ असं वाक्य लिहितो. ते खोडा.

काळासाठी आपल्याकडे तयार सांगाडा आहे: दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. पुण्यात ओंकारेश्वराच्या देवळापाशी नदीकाठी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसं, हा प्रसंग दोन पानं सहज पेलतो. त्यात ऊन, घड्याळ, कुजबुज येऊ द्या, रडणं नको. तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि खरी कादंबरी सुरू होते. तिथे घाई नको.

निवेदक प्रथमपुरुषी असेल, तर त्याला सगळं कळलेलं नसावं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरासारखं साऱ्या गावाचं दुःख असेल, तर तृतीयपुरुषी निवेदन सोयीचं. पण सुरुवात एकाच घराच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपासून करा.

संवाद तोकडे ठेवा. ‘चहा टाकू का?’ एवढंही पुरतं.