जुनी पवनचक्की बदलायची की ठेवायची? आधी या चुका टाळा

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की दोन्ही बाजूंना पवनचक्क्या दिसू लागतात. पलीकडे पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावरही तेच चित्र आहे. इथली बरीच यंत्रं पहिल्या पिढीतली, ३५० किलोवॅटच्या आसपासची आहेत. त्यांची वीस वर्षं भरली किंवा भरत आली आहेत, आणि मालकांपुढे एकच प्रश्न आहे: आता काय करायचं? ‘वीस वर्षं झाली, काढून टाका’ आणि ‘फिरतेय ना, मग राहू दे’ ही दोन्ही उत्तरं मला घाईची वाटतात.

वीस वर्षं हा आकडा आराखडा करतानाचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्राची रचना किमान तेवढ्या काळासाठी होते. त्यात वाऱ्याचा वेग, त्यातले हेलकावे आणि यंत्र किती वेळा सुरू-बंद होईल, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात कड्याच्या टोकावरची चक्की हेलकाव्यांनी लवकर थकते, तर मागच्या रांगेतली, ग्रीड (वीज वाहून नेणारं जाळं) नसल्याने अनेक तास उभी राहिलेली, अजून दणकट असू शकते. म्हणून प्रत्येक जागेचा स्वतंत्र हिशोब मांडावा लागतो. मालक सहसा गिअरबॉक्सची काळजी करतात, पण गिअरबॉक्स आणि जनरेटर बदलता येतात. पाया आणि टॉवर बदलता येत नाहीत. तडे, सैल झालेले बोल्ट, टॉवरचे जोड, मुख्य शाफ्ट आणि पात्यांची मुळं आधी तपासा. तिथेच दोष असेल तर गिअरबॉक्सवर पैसे घालू नका.

दुसरी चूक म्हणजे उत्पादन घटलं की यंत्र म्हातारं झालं असं मानणं. घट दिसली की पहिल्यांदा त्या वर्षीचा वारा पाहा. आपल्या पठारांवर वर्षातली बहुतेक वीज जून ते सप्टेंबरमध्ये तयार होते, त्यामुळे एक पावसाळा कमजोर गेला की अख्खं वर्ष बसतं. मग ग्रीड किती तास नव्हतं ते नोंदींवरून काढा. त्यानंतर वाऱ्याची दिशा दाखवणारा पंख तपासा. तो सरकला आणि चक्की वाऱ्याला १५ अंश तिरकी उभी राहिली, तर साधारण १० टक्के वीज जाते, आणि दुरुस्ती एका दिवसाची असते. पाती स्थिर कोनात बसवलेल्या जुन्या यंत्रांत पात्यांवरची धूळ, किडे आणि पावसाने खरवडलेली पुढची कड यांचाही फटका बसतो. हे सगळं नीट करूनही आकडा वर आला नाही, तरच वयाला दोष द्या.

जुन्या आणि नव्या यंत्राची तुलना करताना किलोवॅट मोजू नका, पात्यांनी व्यापलेलं क्षेत्र मोजा. जुन्या यंत्राचा ३३ मीटर व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांचं फिरणारं चक्र, सुमारे ८५५ चौरस मीटर वारा झेलतो. नव्याचा १२० मीटर व्यासाचा सुमारे ११,३०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तेरा पट. त्यात उंचीवर वाऱ्याचा वेग वाढतो, आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आपली सर्वांत चांगली वाऱ्याची पठारं आज सर्वांत लहान यंत्रांनी अडवून ठेवली आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: मालक फक्त आपल्या एका चक्कीचा विचार करतो. पवनचक्क्यांमधलं अंतर रोटरच्या व्यासावर ठरतं. वाऱ्याच्या दिशेत सात व्यास धरले, तर जुन्या यंत्राला सुमारे २३० मीटर पुरतात आणि नव्याला ८४० मीटर लागतात. म्हणजे एक नवी उभी करायला अनेक जुन्या काढाव्या लागतात, आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात. त्या काळी वेगवान घसाऱ्याच्या (यंत्राची किंमत लवकर वजा दाखवून मिळणाऱ्या) करसवलतीसाठी वाऱ्याशी काही संबंध नसलेल्या कितीतरी कंपन्यांनी एक-दोन चक्क्या घेतल्या होत्या. त्यामुळे यंत्राचं दरपत्रक मागवण्याआधी शेजारच्या मालकांना एकत्र बसवा आणि हिश्शाचं सूत्र लेखी ठरवा. नवा पायाही वेगळाच लागतो. जुना तो भार पेलत नाही.

दराकडे दुर्लक्ष करून मांडलेला हिशोब कागदावरच राहतो. २००३ च्या वीज नियामक आयोगाच्या आदेशाने महाराष्ट्रात युनिटला ३.५० रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांचा वीज खरेदी करार मिळाला होता. तो काळ संपला. करार संपलेल्या यंत्राचा हिशोब शेवटच्या वर्षाच्या दराने करू नका. करार अजून चालू असेल तर जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्याबाबतचं २०१६ चं केंद्रीय धोरण आणि २०२३ मधला त्याचा नवा अवतार नीट वाचा. २०१६ च्या धोरणात बदलाआधीच्या तीन वर्षांच्या सरासरीइतकी वीज जुन्याच कराराने घेण्याची तरतूद होती; जास्तीच्या विजेचा भाव वेगळा. २०२३ च्या धोरणात आयुष्य वाढवण्याचाही मार्ग आहे, म्हणजे ठेवणं हाही मान्य पर्याय आहे.

आता रस्ता. जुनं पातं १६ मीटरच्या आसपास होतं. १२० मीटरच्या रोटरचं पातं ६० मीटरच्या घरात जातं. घाटाचं एकेक वळण मोजल्याशिवाय यंत्र निवडू नका. क्रेनचं काम ऑक्टोबर ते मे मध्येच बसवा, नाहीतर कमाईचा पावसाळा बुडेल. पठाराला लागून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे नव्या खोदकामाच्या परवानग्यांना वेळ धरा. चाळकेवाडीच्याच पठारावर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळले होते. यंत्रांची संख्या कमी करताना कुठली जागा मोकळी सोडायची, हे ठरवायला अशी माहिती उपयोगी पडते.

काढलेल्या यंत्राचं काय, हेही यंत्र बदलण्याच्या करारात आधीच लिहा. टॉवरचं पोलाद भंगारात विकलं जातं. फायबरग्लासच्या पात्यांना तसा ग्राहक नाही. सिमेंटच्या भट्टीत जाळणं हा एक मार्ग आहे, पण कापणी आणि वाहतुकीचा खर्च कुणीतरी द्यावा लागतो. तो कोण देणार, जुना पाया जमिनीखाली किती खोलवर काढायचा आणि जमीन शेतकऱ्याला कुठल्या अवस्थेत परत मिळणार, ही तीन वाक्यं करारात नसतील तर सही करू नका.