तलावावरच्या उन्हाळी सेलिंग शर्यती: मुलांनी, पालकांनी आणि क्लबनेही या चुका टाळा

उन्हाळी सुट्टी लागली की तलावावरच्या सेलिंग क्लबमध्ये मुलांची झुंबड उडते. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्यातले बरेच चेहरे दिसत नाहीत. शर्यतीत मागे पडल्यामुळे मूल कंटाळलं, असं पालक म्हणतात. मला ते पटत नाही. शेवटून पहिलं येणारं मूलही वर्षानुवर्षं आनंदाने होडी चालवतं. खेळ सोडतात ती एकदा जबर घाबरलेली मुलं, आणि ज्यांच्या हातात होडी कधी खऱ्या अर्थाने आलीच नाही ती मुलं. शीड बाबांनी बांधलं, कुठे वळायचं ते कोचने ओरडून सांगितलं, वाद आईने मिटवला, मग मुलाने केलं काय? खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सुरक्षिततेत तडजोड नको

ही बाजू पूर्णपणे मोठ्यांची. लाइफ जॅकेट "वाढत्या अंगाचं" घेणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांवर धरून वर ओढा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदला. पाण्यात पडल्यावर असं जॅकेट वर येऊन तोंड झाकतं आणि मूल भेदरतं. शिवाय शर्यतीत वापरतात ते सुटसुटीत जॅकेट बहुधा 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याची ताकद मोजायचं एकक) असतं. ते पोहता येणाऱ्यासाठी आहे, बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची खात्री ते देत नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला 100 न्यूटन किंवा त्याहून जास्त क्षमतेचं, मानेमागे आधार असलेलंच जॅकेट द्या.

हवा तापली म्हणजे पाणी तापलं, हा दुसरा गैरसमज. खोल तलावाचं पाणी हवेच्या मानाने फार सावकाश गरम होतं. 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास एकदम आत ओढला जातो, धाप लागते आणि पोहता येणाराही गडबडतो. त्यामुळे मुलांचे कपडे पाण्याचं तापमान पाहून ठरवा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की शर्यत थांबवायची आणि सगळ्यांना किनाऱ्यावर आणायचं. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कोणीही पाण्यात उतरायचं नाही आणि डोलकाठ्या उभ्या असलेल्या होड्यांजवळ रेंगाळायचंही नाही. "एवढी एक फेरी संपू दे" असं म्हणणाऱ्या पंचाला थांबवायला लाजू नका. होड्या पाण्याकडे ढकलत नेताना वर विजेच्या तारा आहेत का तेही पाहून ठेवा, कारण डोलकाठ्या ज्यांपासून बनतात त्या अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर या दोन्हींतून वीज वाहते.

बचाव बोट चालवणाऱ्याने किल कॉर्ड, म्हणजे चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी, अंगाला अडकवलेली हवीच, आणि पाण्यातल्या मुलाला वर घेताना इंजिन बंद. होडी उलटली तर आधी डोकी मोजायची, होडीचं मग बघता येतं.

उलटण्याची भीती उलटूनच जाते

होडी उलटवून सरळ करण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात, मंद वाऱ्यात, मोठी माणसं कंबरभर पाण्यात जवळ उभी असताना व्हायला हवा. तो पुढे ढकलला की पहिलं उलटणं नेमकं जोरदार वाऱ्यात येतं, आणि ते मुलाच्या मनात घर करून बसतं.

मुलं इथे ठरलेल्या चुका करतात. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायला निघतात. होडी तरंगत असते आणि लांबून दिसतेही, तेव्हा तिला धरूनच राहायचं. मेनशीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकलेली असतानाच होडी सरळ करतात. मग शिडात लगेच वारा भरतो आणि होडी पुन्हा आडवी होते. म्हणून मेनशीट आधी मोकळी करायची, होडीचं नाक वाऱ्याकडे आणायचं आणि मग डॅगरबोर्डवर (होडीच्या मधून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर) भार द्यायचा. ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची एकट्याने चालवायची छोटी होडी, सरळ झाली तरी पाण्याने काठोकाठ भरलेली असते. पाणी उपसायचं भांडं होडीला दोरीने बांधलेलं नसेल तर ते एव्हाना तरंगत दूर गेलेलं असतं. तिन्ही हवेच्या पिशव्या नीट फुगवलेल्या आहेत का आणि डोलकाठी खाली बांधलेली आहे का, हे रोज पाहायचं. डोलकाठी बांधायची राहिली तर उलटल्यावर ती खोबणीतून निसटते.

उथळ तलावात आणखी एक अडचण येते. होडी पूर्ण पालथी होते आणि डोलकाठीचं टोक गाळात रुततं. अशा वेळी मुलं तळावर चढून जोर लावतात, त्यांच्या वजनाने काठी आणखी खोल जाते आणि वाकते. उतरायचं, होडी धरून थांबायचं आणि बचाव बोटीला हळूहळू ओढू द्यायचं.

होडी चालतच नाही, असं का?

"माझी होडीच स्लो आहे" ही तक्रार आली की आधी शिडाकडे पाहा. ऑप्टिमिस्टच्या चौकोनी शिडाला तिरका आधार देणारी काठी म्हणजे स्प्रिट. शिडाच्या वरच्या टोकापासून डोलकाठीच्या पायथ्याकडे तिरकी घडी दिसत असेल तर स्प्रिट जास्त ताणलीय. डोलकाठीच्या वरच्या कोपऱ्यातून बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीच्या) मागच्या टोकाकडे घडी असेल तर ती सैल आहे. मुलाने ही घडी स्वतः ओळखून स्वतः दुरुस्त करायची. पालकांनी हात मागे बांधून उभं राहावं, मग भले बाकीच्या होड्या पाण्यात गेलेल्या असोत. असं एकदा केलं की पुढच्या वेळी मूल वाऱ्यात असतानाही घडी ओळखतं.

त्यानंतरची कारणं साधी असतात. मेनशीट गच्च ओढून धरलेली असते, कारण घट्ट म्हणजे वेगवान असं मुलांना वाटतं. शीड फडफडायला लागेपर्यंत सोडायचं, मग फडफड थांबेल इतपतच ओढायचं. मूल पार मागे बसलेलं असतं, त्यामुळे होडीचा मागचा भाग पाणी ओढत जातो. मंद वाऱ्यात पुढे सरकून बसायचं. वारा येतो त्या दिशेकडे जाताना डॅगरबोर्ड वर राहिलेला असतो आणि होडी खेकड्यासारखी आडवी सरकत राहते. उन्हाळ्यात तलावात पाणवनस्पती माजतात आणि सुकाणू व डॅगरबोर्डभोवती गुंडाळतात. वेग अचानक कमी झाला तर आधी तेच तपासायचं.

होडीचं नाक थेट वाऱ्यात अडकून ती जागीच उभी राहिली तर नवशिकं मूल टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्हीकडे जोरात हलवत बसतं. त्यापेक्षा टिलर आणि बूम दोन्ही एकाच बाजूला आपल्यापासून दूर ढकलायचे, होडी मागे सरकत वळू द्यायची, मग दोन्ही आपल्याकडे ओढून घ्यायचे.

स्टार्ट

छोट्या तलावावरची शर्यत छोटी असते, त्यामुळे स्टार्टला गमावलेलं भरून काढायला जागाच उरत नाही. नेहमीच्या पद्धतीत 5 मिनिटं आधी पहिला झेंडा चढतो, 4 मिनिटं आधी तयारीचा चढतो, 1 मिनिट आधी तयारीचा उतरतो आणि शून्याला पहिला झेंडा उतरतो. मुलं भोंग्याकडे कान लावून बसतात. नियम मात्र सांगतो की वेळ झेंड्यांवरून धरायची. भोंगा वाजला नाही तरी झेंडा ग्राह्य. घड्याळ झेंड्यावर लावायची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

लाइनवर, म्हणजे शर्यत जिथून सुटते त्या पाण्यावरच्या काल्पनिक रेषेवर, सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घाबरून मागे राहणं. शेवटची 30 सेकंद उरली आहेत. एक मुलगी लाइनपासून चार-पाच होड्यांच्या लांबीइतकी मागे आहे, शीड सैल सोडून उभी आहे, आणि आपण लाइनवरच आहोत असं तिला खात्रीने वाटतंय. मधोमध उभं राहिलं की लाइन आहे त्यापेक्षा जवळ भासते, म्हणूनच अख्खा घोळका मध्यभागी मागे झुकलेला दिसतो. उपाय आधीच करून ठेवता येतो. लाइनच्या एका टोकाच्या बाहेरून दुसऱ्या टोकाकडे पाहायचं आणि त्याच्या बरोबर मागे किनाऱ्यावर काय येतं, एखादं झाड, खांब, घराचा कोपरा, ते लक्षात ठेवायचं. शर्यतीत ती खूण आणि ते टोक एका रेषेत आले की आपण लाइनवर आहोत. सगळीकडे झाडं आणि इमारती असल्याने तलावावर अशी खूण हमखास सापडते.

लाइनचं कुठलं टोक फायद्याचं, हेही मुलाला स्वतः शोधता येतं. लाइनच्या मध्यावर होडीचं नाक थेट वाऱ्याकडे करायचं, शीड मधोमध फडफडू द्यायचं. नाक ज्या टोकाकडे जास्त झुकलेलं दिसेल ते टोक वाऱ्याच्या जास्त जवळ. हे स्टार्टच्या थोडं आधी पुन्हा तपासायचं, कारण तोवर वारा फिरलेला असतो.

कमिटी बोटीच्या (लाइनच्या एका टोकाला उभ्या असलेल्या पंचांच्या बोटीच्या) बाजूने शेवटच्या क्षणी घुसून "जागा द्या" असं ओरडणारे दर शर्यतीत असतात. स्टार्टला निघालेल्या होड्यांना त्या मार्कपाशी (मार्क म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणारा बोया किंवा बोट) जागा मागण्याचा हक्क नसतो. वाऱ्याकडच्या, म्हणजे वारा येतो त्या बाजूच्या, होडीने वाऱ्याखालच्या होडीपासून दूर राहायचं असतं, तेव्हा आत घुसणाऱ्यालाच बाजूला व्हावं लागतं. लाइन लवकर ओलांडली आणि निळ्या उभ्या-आडव्या फुलीचा पांढरा झेंडा, म्हणजे एक्स, दिसला की परत यायचं, आणि परत येताना बाकीच्यांना अडवायचं नाही. आपण होतो की नाही याची शंका असेल तर परत येणंच स्वस्त पडतं.

तलावाचा वारा पुढच्या होडीवर लिहिलेला नसतो

माझ्या मते शर्यतीतली सगळ्यात महाग चूक म्हणजे पुढच्या होडीच्या मागे मागे जाणं. समुद्रावर वारा बराच एकसारखा असतो. तलावावर तो झाडांवरून, टेकड्यांवरून, इमारतींमधल्या फटींतून येतो, सारखा दिशा बदलतो आणि झोताझोताने येतो. वाऱ्याकडच्या काठावर झाडं असतील तर त्यांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा पडलेला असतो. किनाऱ्याशी तिरका येणारा वारा काठाजवळ वळलेलाही असतो. पुढची होडी दोन मिनिटांपूर्वी जिथे गेली, तिथे आता वेगळीच हवा असू शकते.

पाण्यावर सरकणारे गडद पट्टे म्हणजे येणारे झोत. ते पाहायला मुलाची नजर वर हवी, आणि ती तर होडीत साचलेल्या पाण्याकडे किंवा हातातल्या दोरीकडे खिळलेली असते. कोचने दर मिनिटाला "पुढचा झोत कुठून येतोय, बोट दाखव" एवढंच विचारावं. उत्तर सांगू नये.

वाऱ्याकडे जाताना नियम सोपा आहे: वाऱ्याने होडीचं नाक मार्कपासून दूर ढकललं तर टॅक करायचा (नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचं), मार्ककडे वळू दिलं तर त्याच टॅकवर चालत राहायचं. मुलं याच्या उलट करतात, कारण वळायला भीती वाटते. तसंच अगदी टोकाच्या बाजूला लवकर जाऊन बसणं टाळायचं. तिथून पुढे वारा कसाही फिरला तरी फायदा घेता येत नाही.

नियम आणि वाद

वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते. सध्या 2025–2028 ची लागू आहे. मुलांना ती पाठ करायला लावू नका. पोर्ट टॅकवरच्याने (वारा डाव्या बाजूने घेणाऱ्याने) स्टारबोर्डवाल्याला (वारा उजव्या बाजूने घेणाऱ्याला) वाट द्यायची, वाऱ्याकडच्याने खालच्याला, मागच्याने पुढच्याला, एवढ्यावर पहिला मोसम निघतो.

गोंधळ मार्कपाशी होतो. मार्कभोवतीचं क्षेत्र तीन होड्यांच्या लांबीचं, म्हणजे ऑप्टिमिस्टसाठी जेमतेम 7 मीटर. त्याच्या कितीतरी आधीपासून आरडाओरडा सुरू असतो. वाऱ्याकडे जाताना समोरासमोरच्या टॅकवर असलेल्या दोन होड्यांमध्ये मार्कच्या जागेचा नियम लागूच होत नाही, तिथे पोर्टवाल्याने वाट द्यायची. चूक झाली तर लगेच बाजूला होऊन एकाच दिशेने दोन गिरक्या घ्यायच्या. मार्कला धक्का लागला तर एक. मुलाने स्वतःहून गिरक्या घेतल्या तर किनाऱ्यावर त्याचं मनापासून कौतुक करा, मग तो कितवाही येवो. प्रोटेस्ट, म्हणजे दुसऱ्या होडीविरुद्ध तक्रार, करायचा असेल तर संधी मिळताच "प्रोटेस्ट" असा आवाज द्यावा लागतो; 6 मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लागत नाही. सुनावणीत मुलानेच बोलावं, पालकांनी बाहेर थांबावं.

क्लबच्या बाजूने होणाऱ्या चुका

लांबलचक कोर्स (शर्यतीचा मार्ग) लावणं ही पहिली. नवशिक्यांसाठी 20 मिनिटांच्या तीन शर्यती, एका तासाच्या एकीपेक्षा कितीतरी बऱ्या. प्रत्येक वेळी नवा स्टार्ट मिळतो. वेगवेगळ्या प्रकारच्या होड्या एकत्र सोडून पहिला पोचेल तो विजेता ठरवणंही चुकीचं. पोर्ट्समथ पद्धतीत लागलेल्या वेळेला 1000 ने गुणून त्या प्रकारच्या होडीला दिलेल्या आकड्याने (होडी जितकी संथ तितका तो मोठा) भागतात. समजा एका होडीचा आकडा 1100 आणि दुसरीचा 1650 आहे. पहिलीने 44 आणि दुसरीने 66 मिनिटं घेतली तर दोघींची सुधारित वेळ 40 मिनिटंच येते.

गुणांचं एक कलम बरेच क्लब विसरतात. नेहमीच्या हिशेबात शर्यत पूर्ण न करणाऱ्याला मालिकेतल्या एकूण नोंदींपेक्षा एक जास्त गुण मिळतो, आणि कमी गुणवाला पुढे. मोसमात 40 नोंदी आणि त्या दिवशी 12 होड्या आल्या, तर धडपडत येऊन अर्ध्यात थांबलेल्या मुलाला 41. घरी बसलेल्यालाही 41. नियमावलीतलं कलम A5.3 लागू असल्याचं शर्यतीच्या सूचनापत्रकात लिहिलं की आलेल्या मुलाला 13 मिळतात, न आलेल्याला 41 राहतात. मुलांच्या मालिकेत हे लिहायलाच हवं.

रोज शर्यतच ठेवू नका. सुकाणू काढून होडी चालवणं, उलटं चालवणं, टेनिस बॉल फेकून पकडापकडी, यांतून तोल आणि वारा जितका कळतो तितका कोचच्या अर्ध्या तासाच्या भाषणातून कळत नाही. ऑप्टिमिस्टमध्ये जम बसल्या बसल्या मुलाला मोठ्या होडीत ढकलू नका. ऑप्टिमिस्टचं शीड सुमारे 3.3 चौरस मीटर आणि होडी 35 किलोची. आयएलसीए 4 या मोठ्या होडीत हेच 4.7 चौरस मीटर आणि जवळपास 59 किलो होतं. हलक्या मुलाला ती जोरदार वाऱ्यात आवरत नाही, आणि पुन्हा भीतीपाशीच गाडी येते.

शर्यत नको म्हणणाऱ्या मुलाला काही दिवस कमिटी बोटीवर बसवा. झेंडे चढवणं, वेळ मोजणं, पोचलेल्या होड्यांचे नंबर लिहिणं ही खरी कामं आहेत, ती त्याच्यावर सोपवा. लाइनवर कोण मागे राहिलं आणि झोत कुठल्या बाजूने आला, हे तिथून फार स्पष्ट दिसतं. पुन्हा होडीत कधी बसायचं ते त्याला ठरवू द्या.