घरच्या घरी शिडाची होडी: पहिली फळी कापण्याआधीची तयारी

होडी घरीच बांधायची असं मनात पक्कं झालं की पहिली खरेदी प्लायवूडची करू नका, बांबूची करा. दहा-बारा बांबू आणि सुतळीचा एक गुंडा. नकाशात होडीची जी लांबी, रुंदी आणि उंची दिली असेल त्या मापाचा नुसता पोकळ सांगाडा बांधा, दोघांनी उचला आणि जिथे होडी बांधणार तिथून थेट पाण्यापर्यंत चालत न्या. माझी होडी ११ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. सांगाडा पडवीतून अंगणात आला, बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून बाहेर पडला आणि पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या वळणावर दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत) अडकला. आडवा करून पाहिला तेव्हा निघाला. म्हणजे होडीसुद्धा तिथे कुशीवर वळवावी लागणार आणि त्यासाठी चार माणसं लागणार, हे मला लाकूड आणायच्या आधीच कळलं. शहरात राहणाऱ्यांनी हाच सांगाडा जिन्यातून आणि टेम्पोच्या हौद्यात घालून पाहावा.

जागा किती? होडीच्या चारही बाजूंनी माणूस ओणवा होऊन काम करू शकेल इतकी. ११ फुटी होडीला १६ बाय १० फूट मोकळी जागा धरा, वर पक्कं छप्पर हवं आणि जमीन पाणसळीने तपासलेली हवी. शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिच्यावर जाड प्लास्टिक अंथरा, नाहीतर खालचा ओलावा लाकडात चढतो.

कोकणात कामाचे दिवस ठरलेले आहेत. दसरा झाला की जागा साफ करायची, दिवाळीनंतर लाकूड कापायचं आणि माघात होडी पाण्यात. पावसाळ्यात सुरुवात करूच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तशी आपली इपॉक्सीही, म्हणजे होडी जोडायचा दोन भाग कालवून केलेला डिंकही, बंद ठेवायची. हवेतला ओलावा डिंकावर बसला की वर मेणचट, चिकट साय धरते आणि पुढचा थर तिच्यावर टिकत नाही. माझे एकूण १८० तास गेले. रोज संध्याकाळचे दोन तास आणि रविवार मिळत असेल तर तीन महिने हाताशी ठेवा.

नकाशा विकत घ्या. मनाने आकार काढू नका, निदान पहिल्या होडीला तरी नाही. पहिल्यांदा बांधणाऱ्याने सपाट प्लायच्या तुकड्यांतून उभी राहणारी होडी निवडावी. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ‘ऑप्टिमिस्ट’ अशीच आहे, जेमतेम पावणेआठ फूट. जॅक हॉल्ट आणि बॅरी बकनेल यांची साठच्या दशकातली ‘मिरर’ ११ फुटांना दोन इंच कमी आहे, आणि तिच्या सत्तर हजारांच्या आसपास होड्या बनल्या, त्यातल्या कितीतरी लोकांच्या घरी. दोन मोठी माणसं आणि एक मूल बसणार असेल तर या मापाचीच घ्या. नकाशा हातात आला की एकास दहा मापात पुठ्ठ्याचं मॉडेल करा. एक संध्याकाळ जाते, पण कुठला तुकडा कुठे बसतो ते बोटांना कळतं आणि आकडा चुकीचा वाचला असेल तर चूक पुठ्ठ्यात होते, प्लायमध्ये नाही.

आता प्लायवूड. आपल्याकडे मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. आयएस ३०३ चं प्लाय फर्निचरला ठीक, होडीला नाही. पण शीटवर शिक्का आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी पहिल्यांदा आणलेल्या शीटवर शिक्का अगदी ठसठशीत होता. एका कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा कापला आणि न्हाणीच्या चुलीवर जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. मानकात ७२ तास उकळून पाहतात, मी दिवसाला आठ तास असं चालवलं. तिसऱ्या दिवशी तुकडा बाहेर काढला तर कडेचे पदर भिजलेल्या वहीसारखे सुटलेले. शीटं परत गेली, दुकान बदललं. दुसऱ्या दुकानातला तुकडा नऊ दिवस उकळला, सुकवला, पदरांत चाकूचं टोक घालून उचकटला. लाकूड फाटलं, पण जोड सुटला नाही. ही परीक्षा होईपर्यंत पूर्ण माल उचलू नका. ६ मिलिमीटरच्या शीटला पाच पदर हवेत, तीन असतील तर सोडून द्या. कडेवर टॉर्च मारून आतल्या पोकळ्या पाहा. शीट वजन करून घ्या: गर्जनच्या लाकडाचं ८ बाय ४ चं शीट १२-१३ किलो भरतं. मला अशी सहा शीटं लागली.

शीट ८ फुटांचं आणि होडी ११ फुटांची, त्यामुळे दोन तुकडे जोडावेच लागतात. त्यासाठी तिरपा सांधा करतात आणि त्याची लांबी जाडीच्या आठपट धरतात, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर. ही एक गोष्ट टाकाऊ तुकड्यांवर आधी तीन-चारदा करून पाहणं हा तयारीचाच भाग समजा. शीटं एकावर एक पायऱ्यांसारखी रचायची, प्रत्येक वरचं शीट ४८ मिलिमीटर मागे. मग धारदार रंध्याने सगळ्या पायऱ्या मिळून एक उतार करायचा. रंधा चालायला लागला की उतारावर प्लायच्या पदरांच्या फिक्या-गडद पट्ट्या दिसू लागतात. याच पट्ट्या तुमचा गुण्या. पट्टी जिथे नागमोडी झाली तिथे खोलगट कापलंय किंवा उंचवटा राहिलाय. सगळ्या पट्ट्या वहीतल्या रेघांसारख्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या झाल्या की हात थांबवा. आमच्या खाडीवर होड्या बांधलेले एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते पाहायला आले, चष्मा न लावता उतारावरून नुसता अंगठा फिरवला आणि एका जागी टेकवला. पेन्सिलीने खूण करून मी पट्टी ठेवून पाहिली, तिथे खरंच खड्डा होता. असं एखादं जाणतं माणूस जवळपास असेल तर कामाला हात घालण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.

बाकीच्या लाकडाला फार वेळ लागत नाही. काठाच्या पट्ट्यांना आणि नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जुना साग उत्तम. मोडलेल्या घराचं वासे-तुळयांचं लाकूड मिळालं तर सोनंच, फक्त त्यातले खिळे शोधून काढा. सागात तेल असतं, म्हणून डिंक लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायचा. डोलकाठीला गाठी नसलेलं पाईन घ्या. शिडाच्या आडव्या काठीला घरचा बांबू चालतो. स्क्रू स्टेनलेसचे आणि ३१६ दर्जाचे घ्या. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि स्क्रू ठिसूळ होतो.

हत्यारं जमवताना संख्येपेक्षा धार पाहा. बारीक दात्यांची करवत, दोन रंधे, पटाशी, कानस, गुण्या, ओळंबा, ड्रिल मशीन आणि धार लावायला चांगला निसणा एवढ्यात होडी होते. क्लँप मात्र भरपूर लागतात आणि विकतचे परवडत नाहीत. चार इंची पीव्हीसी पाइपाच्या दोन इंच रुंद चकत्या कापा, प्रत्येकीला एक चीर द्या, चिमट्यासारख्या बसतात. मी पन्नास केल्या होत्या, पन्नासही वापरल्या.

इपॉक्सीचा खर्च लाकडापेक्षा जास्त होतो, तो आधीच हिशेबात धरा. रेझीन-हार्डनर मिळून १५ किलो, काचेचं कापड (फायबरग्लास) आणि त्याचीच तीन इंची पट्टी. मापाला ग्रॅमचा वजनकाटा हवाच. अंदाजाने ओतलेलं मिश्रण नीट वाळत नाही. उन्हात मोठ्या भांड्यात कालवलं तर दहा-पंधरा मिनिटांत धूर निघून दगड होतो, म्हणून थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. वेळ दुपारी एक ते चार: सकाळी लाकूड तापत जातं तसे त्यातून बुडबुडे येतात आणि संध्याकाळी दव पडतं. कोपरे भरायला लागणारा भुसा आत्तापासून साठवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळून बरणीत ठेवा. इपॉक्सीत तो घट्ट श्रीखंडासारखा व्हायला हवा: चमचा उलटा केला तर पडता कामा नये. नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा मास्क यांत काटकसर नको. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते.

फळ्या जोडायला तांब्याची तार लागते, ती मोटार रिवायंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. दर सहा इंचांवर दोन मिलिमीटरचं भोक पाडून कडेला कड शिवायची, आतून कोपरे भरायचे आणि मग तार काढून घ्यायची. शिवून होडी बांधणं आपल्याला नवं नाही. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज अजिंठ्यातल्या चित्रावरून आखलेलं आहे, आणि गोव्यात त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. पहिल्यांदा दोन फळ्या तारेने ओढल्या आणि सपाट प्लाय माझ्या डोळ्यांसमोर नाळेचा बाक घेऊ लागलं, तेव्हा मला त्या सुतारांची आठवण झाली.

शिडासाठी पहिल्या वर्षी ताडपत्री पुरे. साधारण ६५ चौरस फूट, चौकोनी, एकच. खरं शिडाचं कापड दुसऱ्या वर्षी घ्या, तोवर तुम्हाला त्याचा आकार कसा हवा ते कळलेलं असेल.

होडी उलटली तरी ती तरंगली पाहिजे, आणि याची सोय नकाशाच्या टप्प्यावरच करायची. बसण्याच्या फळ्यांखाली बंद कप्पे नसतील तर २० लिटरचे घट्ट झाकणाचे सहा कॅन पट्ट्यांनी आवळून बांधा. एकेक कॅन २० किलोच्या आसपास उचलून धरतो. लाइफ जॅकेट माणशी एक, तीही होडी बांधायला घेण्याआधीच घरात आलेली असू देत, शेवटी पैसे संपतात. वल्ही, छोटा नांगर, ३० मीटर दोरी आणि पाणी उपसायला डबा. नोंदणी लागते का, कुठवर जाता येतं, हे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. घरच्यांनाही आधीच विश्वासात घ्या. तीन महिने पडवी अडणार आहे, घरात भुसा येणार आहे, आणि होडी पालथी करायच्या दिवशी त्यांचेच हात लागणार आहेत.

राहिली पाण्यात सोडण्याची तिथी, तीही पंचांग उघडून आजच लिहून ठेवा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. नव्या होडीला सकाळची भरती हवी, कारण दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की खाडीत लाटा उठतात. म्हणून एकादशी धरा: अकराचे पाऊणपट सव्वाआठ. उधाणाचा जोरही नसतो. साडेसातला, पाणी चढत असताना होडी उतरवा. पहिल्या दिवशी शीड घरीच ठेवा. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो. नुसती वल्ही घेऊन काठाकाठाने फिरा आणि ओहोटी लागायच्या आत परत या.