'सन्ति'मधला 'अ' कोठे गेला?

संस्कृत घेऊन एम.ए.ला बसलेल्या आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पेपर पाहून धास्तावलेल्यांसाठी हे लिहीत आहे. धातुगण (क्रियापदांच्या मूळ रूपांचे वर्ग) आणि गुणवृद्धी (स्वर वाढण्याचे नियम) तुम्हांला येतात असे गृहीत धरतो. मलाही येत होती आणि माझा घात तेथेच झाला.

सोलापुरात शिकताना 'इ'चा गुण 'ए', वृद्धी 'ऐ' हे इतके तोंडपाठ झाले होते की, ऱ्हस्व स्वर मूळ आणि बाकी सारी त्याची वाढ, याविषयी मला शंकाच नव्हती. 'द्विष्मः' आणि 'द्वेष्टि' ('आम्ही द्वेष करतो', 'तो द्वेष करतो') यांत ते जुळते. पण 'अस्ति'चे ('आहे') बहुवचन 'सन्ति' ('आहेत') होताना काय वाढले? उलट 'अ' गेला. पाणिनी त्यासाठी 'श्नसोरल्लोपः' हे सूत्र देतो, आणि 'वच्'चे 'उक्त', 'स्वप्'चे 'सुप्त' होते त्याला संप्रसारण (य्, व्, र् यांच्या जागी इ, उ, ऋ येणे) म्हणतो. गुण, लोप, संप्रसारण असे तीन विषय तीन वह्यांत लिहून मी वर्षभर घोकत राहिलो.

एकदा पुण्याला जाताना, हुतात्मा एक्सप्रेसने कुर्डुवाडी सोडल्यावर, तिकिटाच्या पाठीवर मी उलटीकडून मांडणी करून पाहिली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या मानून ताडून पाहणाऱ्या तौलनिक व्याकरणात गुणाचे रूप मूळ धरतात आणि आघात पुढच्या प्रत्ययावर सरकला की धातूतला स्वर गळतो. 'ए' म्हणजे मुळात 'अइ'. त्यातला 'अ' खोडला, 'द्विष्' उरले. 'वच्'मधला 'अ' खोडला, तेव्हा स्वराचा आधार सुटलेला 'व्' स्वतःच 'उ' झाला. 'अस्'मधला खोडला, नुसता 'स्' राहिला. तिन्ही वह्यांत एकच घटना होती! लॅटिनमधील 'एस्त' ('आहे') व 'सुन्त' ('आहेत') यांतही तीच दिसते.

यात पाणिनीची चूक काढू नका; रूपे सिद्ध करणे हे त्याचे काम, इतिहास सांगणे नव्हे. मात्र बाजारातले तयार तक्ते घेऊ नका, त्यांनी माझे नुकसानच केले. 'हे परीक्षेत येत नाही' म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासूनही, कितीही प्रेमळ असला तरी, चार हात दूर राहा.

घाबरू मात्र नका. कर्ज 'फिटते' आणि आपण ते 'फेडतो', गाठ 'सुटते' आणि आपण ती 'सोडतो', म्हणजे या स्वरभेदाचा वारसा आपण घरीच वापरतो. अवघड आहे ते पुढे: त्या मूळ भाषेतले 'ए' आणि 'ओ' हे ऱ्हस्व स्वर संस्कृतात 'अ'मध्ये मिसळले, त्यामुळे ग्रीकमधील 'लेइपो', 'लेलोइपा', 'एलिपोन' ही 'सोडणे' या अर्थाच्या धातूची तीन रूपे शेजारी ठेवल्याशिवाय तो भेद दिसत नाही. संस्कृतात त्याची एक खूण मात्र राहिली आहे. 'चकार'मध्ये ('त्याने केले') 'क'चे द्वित्व, म्हणजे आरंभीच्या वर्णाची पुनरुक्ती, 'च' होते, कारण त्या 'च'पुढे एके काळी 'ए' होता आणि 'ए'च्या आधी 'क'चा 'च' होई.