सुटका केलेली डॉल्फिन आणि कौटुंबिक सिनेमा : या चुका टाळा

डिसेंबर 2005 मध्ये फ्लोरिडात केप कॅनाव्हेरलजवळच्या खाडीत डॉल्फिनचं एक पिल्लू सापडलं. वय जेमतेम दोन-तीन महिने. खेकड्यांच्या सापळ्याची दोरी शेपटीला आवळून बसलेली. रक्तपुरवठा तुटल्यामुळे शेपटीचे पर, म्हणजे टोकाचे पसरट भाग, गळून गेले. क्लिअरवॉटर मरीन अ‍ॅक्वेरियमनं तिला वाढवलं, नाव ठेवलं विंटर. 2011 मध्ये ‘डॉल्फिन टेल’ आला आणि त्यात तिनं स्वतःचीच भूमिका केली.

तो सिनेमा पाहिलेल्या माणसाला वाटतं, जखमी प्राणी आणला, चार युक्त्या शिकवल्या, कॅमेरा लावला. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतं ते बहुतांशी आधीच्या पाच वर्षांतल्या उपचारांचं आणि सवयींचं फळ आहे. म्हणून माझं मत असं, की अशा कामातल्या मोठ्या चुका तलावाच्या काठावर होतच नाहीत, त्या निर्मात्याच्या ऑफिसात शेड्यूल ठरतानाच होऊन जातात. प्रशिक्षकाच्या वाट्याला येतं ते निस्तरणं.

पटकथा आधी, प्राणी नंतर

लेखक लिहून मोकळा होतो : ‘डॉल्फिन उसळी घेते, मुलाच्या हातातली टोपी पळवते.’ आता ज्या प्राण्याला शेपटीच नाही, तो उसळी घेणार कशाच्या जोरावर? डॉल्फिनचा सगळा रेटा शेपटीच्या वर-खाली मारण्यातून येतो.

पटकथेचा शेवटचा खर्डा होण्याआधी प्रशिक्षकाकडून एक यादी घ्या. हा प्राणी आज कुठल्या इशाऱ्यावर काय करतो, खेळताना आपणहून काय करतो, आणि काय करायला लावणं डॉक्टरांना मान्य नाही. दृश्यं त्या यादीतून काढा. यादीत नसलेलं दृश्य हवंच असेल, तर यांत्रिक डॉल्फिन किंवा कॉम्प्युटर आहे. ‘डॉल्फिन टेल’मध्येही काही ठिकाणी यांत्रिक डॉल्फिन वापरली होती, आणि त्यात कमीपणा काही नाही. मुख्य म्हणजे शूटिंग विंटरच्या राहत्या घरी झालं. युनिट तिच्याकडे गेलं. उलट करायचा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्या.

उपचार आणि अभिनय यांची सरमिसळ

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पर गेल्यावर विंटर माशासारखी, शेपटीचा बुंधा डावी-उजवीकडे हलवत पोहायला शिकली. बघणाऱ्यांना कौतुक वाटलं, डॉक्टरांना काळजी, कारण डॉल्फिनचा कणा त्या हालचालीसाठी बनलेलाच नाही. तो हळूहळू वाकडा होण्याची भीती होती. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या हँगर कंपनीचे केविन कॅरॉल आणि डॅन स्ट्रेम्प्का यांनी तिच्यासाठी शेपूट तयार केली. अडचण होती कातडीची. डॉल्फिनची त्वचा इतकी नाजूक, की साधं घर्षणही जखम करतं. त्यातून मऊ जेलचं आवरण निघालं, जे पुढे हात-पाय गमावलेल्या माणसांच्याही कामी आलं. ही शेपूट ती दिवसभर लावून फिरत नव्हती. प्रशिक्षकांच्या देखरेखीत, ठरावीक वेळ, वर-खाली पोहण्याचा व्यायाम म्हणून ती लावली जायची.

आता अडचण बघा. नाट्य हवं म्हणून सिनेमात डॉल्फिन ती शेपूट झिडकारते, असा प्रसंग असतो. तो खऱ्या प्राण्याकडून करून घ्यायचा म्हणजे शेपूट झटकून टाकली की मासा मिळतो, हे त्याला शिकवायचं. उद्या व्यायामाच्या वेळी तो तेच करेल, आणि चूक त्याची नसेल. उपचारासाठी शिकवलेली कुठलीही गोष्ट, मग ती रक्त काढण्यासाठी स्थिर राहणं असो की आवरण चढवू देणं, उलट्या अर्थानं कधीच वापरू नका. असा प्रसंग यांत्रिक बाहुलीवर घ्या आणि खऱ्या प्राण्याचा फक्त शांत पोहतानाचा शॉट जोडा. प्रेक्षकाला फरक कळत नाही.

आधीच घोळ झाला असेल, तर शूटिंगमधली शेपूट बंद करून पहिल्या पायरीपासून सुरुवात करा : हात लावू दिला की बक्षीस, मग आवरण नुसतं टेकवायचं, मग क्षणभर चढवून लगेच काढायचं. घाई केलीत तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

उपाशी ठेवलं की ऐकते, हा समज

जुन्या काळचा हा उपाय अजूनही कुणीतरी सुचवतोच. डॉल्फिन समुद्राचं पाणी पिऊन तहान भागवत नाही, तिला पाणी मुख्यतः माशांतून मिळतं. म्हणजे मासे तोडलेत तर अन्न आणि पाणी दोन्ही तोडलं. दिवसाचं खाणं वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के असतं, ते तिला मिळालंच पाहिजे, टेक चांगला होवो की वाईट. शूटिंगचा दिवस लांबणार असेल, तर तेच खाणं जास्त भागांत वाटा. मासे बहुधा गोठवलेले असतात आणि त्यांतलं बी-1 जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून देतात. सेटच्या गडबडीत गोळी घातलेला मासा बादलीतच राहून जातो. तो मासा सकाळी पहिला द्यायचा, म्हणजे विषय संपला.

शिट्टी उशिरा वाजणे

शिट्टीचा अर्थ ‘हे केलंस ते बरोबर, मासा येतोय’. तिनं मान वर काढली, प्रशिक्षक दिग्दर्शकाशी बोलत होता, शिट्टी वाजली तोवर तिनं मान फिरवली होती. झालं, ती मान फिरवायला शिकली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, ‘आज हिचा मूड नाही.’ मूड ठीक असतो. व्हिडिओ काढून शिट्टीच्या क्षणाला थांबवा आणि ती नेमकं काय करत होती ते पाहा. शिट्टी एकाच्याच हातात असावी. बालकलाकाराला हौस म्हणून शिट्टी देणं तर नकोच. त्याचं काम कॅमेऱ्यासमोर, इशारा देणारा खरा प्रशिक्षक फ्रेमबाहेर.

सगळं सामान एकाच दिवशी

क्रेन, बूम, रिफ्लेक्टर, दिवे, पाण्यात वेटसूटमधली अनोळखी माणसं. एकेक गोष्ट, आधी बंद अवस्थेत, लांबून, शूटिंगच्या कितीतरी आधी आणून ठेवायला हवी. रिफ्लेक्टरची सावली पाण्यावर सरकते, तीसुद्धा नवी गोष्टच. बॉटलनोज (विंटरचीच जात) डॉल्फिनला सुमारे 1,50,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आपली धाव 20,000 पर्यंत. म्हणून ‘सेटवर शांतता आहे’ हे साउंडवाल्याचं मत तिच्या कामाचं नाही. एखाद्या यंत्राजवळ ती येतच नसेल, तर ते बंद करून बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

‘हसतेय ना, मग चालू द्या’

डॉल्फिनचा जबडाच तसा असतो. ती आजारी असतानाही हसते, मेल्यावरही हसते. चेहरा सोडा, बाकी बघा : जबड्याचा टाळी वाजवल्यासारखा कडक आवाज, श्वासाचा जोरात फुत्कार, शेपूट पाण्यावर आपटणं, दिलेला मासा तोंडात धरून सोडून देणं. यातलं काहीही दिसलं की मुलाला पाण्याबाहेर काढा. चिडलेली डॉल्फिन दातांनी ओरखडते, चावते, आणि वजनाच्या बाबतीत मुलाचा तिच्यापुढे टिकाव लागत नाही.

टेक बिघडला तर ओरडणं नाही, लाडही नाहीत. दोन-तीन सेकंद शांत, निर्विकार राहायचं आणि तिला नक्की जमणारी सोपी गोष्ट सांगायची. चांगला टेक मिळाल्यावर ‘अजून एक, सेफ्टीसाठी’ हे वाक्य मात्र दिग्दर्शकाच्या तोंडून काढून घ्यायला हवं. दुसरा कॅमेरा लावा, तो परवडतो.

सिनेमा संपल्यावर कोण?

यावर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. 1993 च्या ‘फ्री विली’मधला केइको हा ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला. पडद्यावर तो स्वतंत्र झाला आणि प्रत्यक्षात मेक्सिको सिटीतल्या अपुऱ्या तलावात राहिला. लोकांनी आवाज उठवल्यावर 1996 मध्ये त्याला ओरेगॉनला आणि 1998 मध्ये आइसलँडला नेलं. 2002 मध्ये तो मोकळ्या समुद्रातून नॉर्वेला पोचला, तिथेही माणसांच्याच मागे लागला, आणि डिसेंबर 2003 मध्ये वारला. माणसांची सवय लावायला जितकी मेहनत घेतली जाते, तितकी ती सोडवायला कुणी घेत नाही. विंटरचं तसं झालं नाही, कारण तिला समुद्रात सोडणं शक्यच नव्हतं आणि तिची संस्था आधीपासून ठाम होती. 2010 च्या डिसेंबरात सापडलेली होप पुढे तिच्या सोबतीला आली. विंटर नोव्हेंबर 2021 मध्ये गेली, सिनेमानंतर दहा वर्षांनी. त्या दहा वर्षांचं खाणं, पाणी, डॉक्टर यांची तरतूद करारात कोणाच्या नावावर आहे, हे सही करण्याआधी वाचा.

आपल्याकडे हे करून बघावं असं कुणाच्या मनात असेल, तर ते राहू द्या. डॉल्फिनला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि 2013 पासून केंद्र सरकारनं डॉल्फिनेरियमला मनाई केली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन लागली, तर सेल्फी न काढता वन विभागाला किंवा त्यांच्या कांदळवन कक्षाला फोन करा. ते येईपर्यंत अंगावर ओलं फडकं टाका, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि गर्दी मागे हटवा.